नेलने गोळा केलेली माणसं

८ जानेवारी १९७४

कुत्री घरात आली. म्हणजे मीच आणली. कशी ते आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

मॅक्रे साहेब स्कॉटलंडचे. गियर शॉप उभारायला आमच्या कंपनीत आले होते. त्यांचं इंग्रजी आमच्या ड्रॉइंग ऑफिसात कुणालाच कळत नाही. सगळे 'येस सर' म्हणतात आणि मग ड्रॉइंग बघून काय करायचं ते करतात. आज ते माझ्या टेबलाशी येऊन बराच वेळ बोलले. मी गियरबॉक्सच्या कव्हरचं ट्रेसिंग करत होते, मला वाटलं त्याबद्दलच असेल. मी येस सर म्हटलं, ऑफ कोर्स सर म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. गियरबॉक्सवर माणसाचा एवढा जीव असू शकतो, असं मनात आलं. मग त्यांनी माझ्या हातात पट्टा दिला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ही.

हेड ड्राफ्ट्समननी नंतर उलगडा केला. साहेब उद्या कायमचे चाललेत. त्यांच्या देशात बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवतात, ते हिला सोसायचं नाही. आणि मी हिला जन्मभर सांभाळायचं वचन दिलंय!

नाव नेल. काळी-पांढरी, झुपकेदार, एक कान उभा, एक पडलेला. भुंकत नाही. नुसती बघते.

घरी आले तर वडील, म्हणजे अण्णा, दारातच उभे होते. म्हणाले, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." नेलने त्यांच्याकडे बघितलं. मान खाली, डोळे वर, एक पाय उचललेला. अण्णा मागे मागे सरकत खुर्चीत जाऊन बसले. मला बसायचंच होतं, म्हणाले.

९ जानेवारी

अण्णा घरातच आहेत. कुत्रीही.

१२ जानेवारी

शेजारच्या झुलेखाभाभींनी जात विचारली. मी ऐटीत सांगितलं, कोली. मेंढ्या हाकणारी विलायती जात, हे सांगायचं राहिलं. संध्याकाळी त्या पुडी घेऊन आल्या. आत सुके बोंबील! कोळ्याचं कुत्रं भाकरीवर कसं जगेल, असं त्यांचं म्हणणं. अण्णा नाकाला धोतर लावून परसात गेले. नेलने बोंबील खाल्ले आणि मग अण्णांना परत आत आणलं.

भाभींचे यजमान नूरमोहम्मदभाई, त्यांचं सायकलचं दुकान आहे. त्यांना नेल हे नाव पटत नाही. ते तिला नलू म्हणतात. आता गल्लीत सगळेच म्हणतात.

१५ जानेवारी

मी कामावरून आले तर न्हाणीच्या दाराशी नेल पसरलेली, चेहऱ्यावर मोठं कर्तव्य केल्याचं समाधान. आत झुलेखाभाभींच्या सगळ्या कोंबड्या. आणि अण्णा. ते आंघोळीला गेले होते, तेवढ्यात तिने कोंबड्या आणून आत भरल्या. अण्णा बाहेर निघाले की ती बघायची. भाभी अंगणात उभ्या, पण अण्णा पंच्यावर म्हणून त्या पुढे येईनात. दुपारपासून हे असं चाललेलं.

एका कोंबडीने आत अंडं घातलं. भाभी म्हणाल्या, तुमच्या घरात घातलं म्हणजे तुमचं. अण्णा म्हणाले, आमच्याकडे चालत नाही, तुमचंच. हा वाद चालू असताना नेलने अंडं खाल्लं.

२२ जानेवारी

मॅक्रे साहेब तिला शिट्टीवर चालवत, असं वॉचमन सांगत होता. अण्णा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी शिट्टी खुंटीला आहेच. आज त्यांनी ती काढली, पुसली आणि माझ्यावर उपकार केल्यासारखी वाजवली.

एका लांब शिट्टीला नेल जागच्या जागी बसली. दोन तोकड्यांना डावीकडून निघाली आणि घराला वळसा घालून आली. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. "हिला सिग्नल कळतात," म्हणाले. मालगाडीच्या मागच्या डब्यात उभं आयुष्य एकट्याने काढलेला माणूस. त्यांची शिट्टी कुणी इतकी मनापासून ऐकल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

रात्री जेवताना म्हणाले, ती राहू दे. जसं काही मी विचारलं होतं.

३ फेब्रुवारी

आज कमाल झाली. पहिली पाळी सुटली, भोंगा झाला, रस्त्यावर सायकलींचा लोंढा. नेल कुंपणावरून गेली. मी मागे धावले तोवर तिने दहा-बारा सायकली वेगळ्या काढल्या होत्या आणि गल्लीत वळवल्या होत्या. पाच मिनिटांत सगळे आमच्या अंगणात. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. कुणालाच कळेना आपण इथे का आलो.

मी माफी मागितली. एक म्हणाला, "ताई, ती बघत होती. म्हणून आलो."

आता आलेच आहेत तर अण्णांनी चहा ठेवायला सांगितला. त्यातले दोघं एकाच खात्यात कित्येक वर्षं शेजारच्या मशीनवर काम करतात आणि आज पहिल्यांदा एकमेकांचं गाव विचारलं. एकाच तालुक्यातले निघाले. जाताना हसत गेले.

१० फेब्रुवारी

मला बघायला पुण्याची मंडळी आली होती. मी एकतीस वर्षांची आहे, तेव्हा बघायला येतात म्हणण्यापेक्षा तपासायला येतात म्हणावं. मुलगा बँकेत. बरोबर आई, वडील, काका, आणि कोण ते शेवटपर्यंत न कळलेले एक गृहस्थ.

नेलला मागे बांधलं होतं. तिने दोर कुरतडला. मग ती आली आणि सर्वांना सतरंजीच्या मधोमध आणलं. मुलाचे वडील परस बघायला उठले, तिने त्यांना परत आणलं. आई न्हाणीकडे गेल्या, तर ही बरोबर गेली, बाहेर थांबली, आणि घेऊन आली. मी पोह्यांचं ताट घेऊन आले तेव्हा सगळे एकमेकांना चिकटून बसलेले, गुडघ्याला गुडघा. मुलगा काकांच्या जवळजवळ मांडीवर.

निरोप संध्याकाळीच आला. मुलगी बरी आहे, पण या घरात माणसावर पाळत ठेवतात.

अण्णा 'अरेरे' म्हणाले आणि उरलेले पोहे त्यांनी संपवले. प्रत्येक नकारानंतर त्यांना भूक लागते. मलाही लागते, ते काही लपवण्यात अर्थ नाही. आई गेल्यापासून दोघंच आहोत. मी गेले तर हे दूध उतू घालवतील, दार उघडं टाकून फिरायला जातील, ताप आला तर कुणाला सांगणार नाहीत. म्हणून मी जात नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, इथेच लिहिते.

२४ फेब्रुवारी

अण्णांच्या मनाने घेतलं की नेलचा जन्म वाया चाललाय. मेंढ्या हाकायच्या कुळात जन्मली आणि हाकते काय, तर सायकलवाले आणि काका. म्हणून आज तिला घेऊन रावेतला गेलो. नदीकाठी कोंडाजी म्हणून एका धनगराचा कळप बसतो, नूरमोहम्मदभाईंच्या ओळखीचा.

अण्णांनी शिट्टी काढली. मीही जरा सरसावून उभी राहिले. दोन तोकड्या शिट्ट्या.

नेलने मेंढ्यांकडे बघितलं. मेंढ्यांनी नेलकडे. मग ती वळली आणि अण्णांच्या उघड्या छत्रीमागे जाऊन बसली. थरथरत होती.

कोंडाजी म्हणाला, "ह्ये काय करतं?"

अण्णा म्हणाले, "मेंढ्या हाकतं."

"मग हाक म्हणावं की."

तिने काही हाकल्या नाहीत. एक मेंढी उत्सुकतेने छत्रीपर्यंत आली तेव्हा नेल अण्णांच्या कडेवर चढायला बघत होती. शेवटी तिला उचलूनच बसपर्यंत आणली. वाटेत अण्णा एकदाच बोलले. म्हणाले, मेंढ्या पहिल्यांदाच बघितल्या असतील बिचारीने. मॅक्रे साहेबांनी हिला कुणावर शिकवलं, कोण जाणे. गियर शॉपच्या माणसांवर शिकवलं असणार.

१७ मार्च

पुन्हा बघणं. मुलगा श्याम, भोसरीच्या एका कारखान्यात इंजिनियर. आईवडील नाहीत, मामीने वाढवलं. बरोबर ती मामीच होती. पद्मजाबाई, तळेगावच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पांढरी सुती साडी, चष्मा, हातात छत्री. 

श्याम कुत्र्याला घाबरतात. नेल आत आली तसे ते बोलता बोलता खुर्चीवर उभे राहिले आणि उभ्यानेच पगार, शिक्षण वगैरे सांगितलं. मला हसू आवरेना. ते स्वतःही हसायला लागले, पण उतरले नाहीत.

मग नेल पद्मजाबाईंकडे वळली. मान खाली, पाय वर, सगळं रीतसर. पद्मजाबाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नेलने मान फिरवली!

"बस," पद्मजाबाई म्हणाल्या.

नेल बसली. श्याम बसले. अण्णा पाणी घेऊन येत होते, ते तांब्यासकट जमिनीवर बसले.

कळवतो म्हणून गेले.

२८ मार्च

पद्मजाबाई एकट्याच आल्या होत्या. श्यामच्या पत्रिकेची एक बाजू द्यायची राहिली होती म्हणे. मी चहा करून आणला तर माजघरात कुणी नाही. नेलने दोघांना परसात नेलं होतं. हौद आणि भिंत यांच्यामध्ये जो कोपरा आहे तिथे दोघं उभे, समोर नेल आडवी. अण्णा त्यांना पूर्वी घाटात मालगाडीला मागून इंजिन कसं लावत ते समजावत होते. चहा तिथेच दिला.

पद्मजाबाईंनी नजर रोखली असती तर नेल बाजूला झाली असती. चष्मा काढायचा विसरल्या असतील.

१४ एप्रिल

पद्मजाबाई परत. आता श्यामच्या आजोळची माहिती सांगायला. माझं कुणी काही विचारत नाही. श्यामचा होकार की नकार तेही नाही. पुन्हा हौदाचा कोपरा. बराच वेळ उन्हात होते, अण्णांचं टक्कल लाल झालं.

मला धास्ती वाटते. बोलणी इतकी लांबतात म्हणजे जमत असणार. श्याम वाईट नाहीत. पण मी गेले तर या माणसाचं कसं होणार?

२ मे

अण्णांनी आज स्वतः दूध तापवलं. उतू गेलं नाही.

१० मे

रेल्वेचा संप. स्टेशन सामसूम. अण्णा सकाळपासून फलाटावर फेऱ्या घालून आले, आजारी माणसाला बघून यावं तसे.

आणि दुपारी पद्मजाबाई दारात! गाड्या बंद, एसटीला मरणाची गर्दी, तर तळेगावहून दुधाच्या ट्रकमधून आल्या. ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर छत्री. श्यामला कोणता रंग आवडतो ते सांगायचं होतं. निळा.

१९ मे

पीठ परातीत तसंच टाकून लिहायला बसलेय.

परसातलं बोलणं कानावर आलं. अण्णा म्हणत होते, तारीख जूनची दहा धरू, रजिस्टरच करू, उगाच थाट नको. पद्मजाबाई म्हणाल्या, शाळा उघडायच्या आत उरकलं पाहिजे. म्हणजे ठरलं! मला न विचारता. मी घरात पीठ मळत होते, दहा पावलांवर. कोंबड्यांनासुद्धा नेल आधी एकदा बघून मग हाकते.

मी नाही म्हणणार. उद्या श्यामना गाठून तोंडावर सांगणार.

२० मे

श्यामना गाठायला नको पडलं. संध्याकाळी आमच्या कंपनीच्या गेटावर तेच उभे होते. मामीच्या घरात त्यांना दहा जूनचा सुगावा लागला होता. तेही चिडलेले. म्हणाले, मी मार्चमध्येच मामीला सांगितलं होतं की मला इतक्यात लग्न करायचं नाही. तुमच्याबद्दल काही नाही, तुम्ही हसलात ते मला आवडलं होतं. पण खुर्चीवर उभं राहून माणूस आयुष्याचा निर्णय कसा घेणार?

मी म्हटलं, माझाही नकार आहे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला उसाचा रस पाजला. आम्ही ठरवलं, उद्या पद्मजाबाई येणारच आहेत, दोघांनी समोर जाऊन एकदम सांगायचं. काय बोलायचं त्याची रसवंतीतच तालीम केली. नकाराची इतकी सुंदर तयारी कुणी केली नसेल.

२१ मे

श्याम फाटकात जरा अडखळले, पण आले. परसात अण्णा आणि पद्मजाबाई. नेलने आम्हा दोघांना मागून घेतलं आणि त्याच कोपऱ्यात घातलं. चौघं हौदाशी, खांद्याला खांदा. श्यामनी डोळे मिटून घेतले आणि ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. म्हणाले, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आमच्या लग्नाची तारीख तुम्ही परस्पर ठरवलीत हे बरोबर नाही. मी म्हटलं, आम्हा दोघांनाही हे लग्न करायचं नाही.

अण्णा हौदातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुमचं कोण म्हणतंय?" पद्मजाबाई म्हणाल्या. "आमचं आहे."

श्यामनी डोळे उघडले. झुलेखाभाभी कुंपणापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, त्यांच्या हातातली परात पडली.

मग अण्णा बोलले. माझ्याकडे न बघता. "मृदुला, तुला सांगायचं कसं तेच कळेना. मुलीला बघायला आलेल्या बाईंना... बापाने... हे बरं दिसत नाही. आणि मी तुला एकटीला कसं सोडू, हा घोर होता. तू एकटी राहशील का गं?"

मला एकटीला! इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी थांबले होते आणि ते माझ्यासाठी. प्रत्येक नकारानंतर दोघं पोहे खात होतो.

मला रडू यायला हवं होतं. पण समोर श्याम होते, तोंड उघडं, आणि ते हळूच म्हणाले, "म्हणजे आपण उगाचच तालीम केली." मला जे हसू फुटलं ते थांबेना. मग पद्मजाबाई हसल्या, मग सगळेच. नेलने सर्वांकडे एकदा बघितलं आणि आपलं काम संपल्यासारखी उठून सावलीत गेली.

१० जून

लग्न झालं. रजिस्टर कचेरीत साक्षीदार म्हणून नूरमोहम्मदभाई, श्याम आणि मी. वडिलांच्या लग्नात सही करताना नाव लिहायला चुकले, परत लिहिलं. नातेवाईक कुणी आले नाहीत. पुण्याच्या काकूंनी निरोप पाठवला, या वयात हे कसले चाळे. झुलेखाभाभींनी शिरखुर्मा केला होता, तो अण्णांनी दोन वाट्या खाल्ला.

१२ जून

अण्णा तळेगावला गेले. पद्मजाबाईंना शाळेचं घर आहे. नेलला न्या म्हटलं तर अण्णा म्हणाले, तू वचन दिलं आहेस, येस सर म्हणून.

मी आणि नेल स्टेशनवर गेलो. गाडी आली, दोघं चढले. नेल फलाटावर शांत बसली होती. गाडी हलली तेव्हा तिला कळलं. ती उठली आणि धावत सुटली, डब्याच्या बाजूने, मग इंजिनाच्या पुढे जायला बघत. गाडी वळवायची होती तिला. फलाट संपेपर्यंत धावली. इंजिनाकडे मान खाली घालून बघत होती. गाडी गेली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. पोर्टरने हटकलं नाही. माझ्या गुडघ्यावर तिने डोकं ठेवलं. इतक्या महिन्यांत तिने असं कधी केलं नव्हतं. ती कामात असायची.

घरी येताना दोघी हळूहळू चाललो. रस्त्यात पाळी सुटलेली. सायकली गेल्या. तिने बघितलं नाही.

१३ जून

घर फार मोठं आहे. आधी लक्षात आलं नव्हतं.

२९ जून

नेल आता माझ्याबरोबर फिरायला येते. नुसतं फिरायला. थांबले की थांबते, निघाले की निघते. मला वाटायचं मी हिला ओळखते. तसं काही नव्हतं. तिच्याजवळ रिकामं बसल्याशिवाय ती कळत नाही. पावाची कड तिला आवडत नाही. ढगांच्या आवाजाला भिते. झोपेत पाय हलवते, तेव्हा कुणाला गोळा करते कुणास ठाऊक.

अण्णांचं कार्ड आलं. ताप होता, पद्मजाबाईंना सांगितला, बरा झाला. त्यांनी ताप सांगितला!

१४ जुलै

श्याम आले होते. काही काम नव्हतं. नेल उंबऱ्यात झोपली होती, उठली नाही. श्यामच तिला ओलांडून आत आले, पांढरेफटक पडून. चहा झाला, मग परत एकदा चहा झाला. निघाला तेव्हा मी दारात 'ये' म्हणाले. 'या' म्हणायचं राहूनच गेलं.